चौघांची सोबत

मटिल्डा मच्याडो नर्स होती, म्हणून इनास आल्मेडांच्या घराचं दार फोडलं तेव्हा लोकांनी आधी तिलाच आत पाठवलं. १९९३ चा मे महिना. पापडीच्या आमच्या आळीत वास येत होता आणि प्रत्येकाला वाटत होतं, कुणाच्या तरी वाडीत मांजर मेलं असेल. इनासकाका स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पालथे पडले होते. वर पंखा फिरत होता. दोन मुलगे कुवेतला, मुलगी कॅनडात. घरात पलंग सहा आणि माणूस एक. मटिल्डाने नाकाला रुमाल लावला, जवळ जाऊन पाहिलं आणि बाहेर येऊन एवढंच म्हणाली, "शवपेटी बंदच ठेवा. कुणाला दाखवू नका."

मुलं येईपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. त्याच संध्याकाळी दफन झालं. लोक पांगले तरी चौघं जण चर्चच्या पायऱ्यांवर बसून राहिले. मटिल्डा त्यांतली एक. वय अडतीस, वसईतल्या एका प्रसूतिगृहात नोकरी. आई लवकर गेली, बाबा दम्याने अंथरुणाला खिळलेले, भाऊ मायकल बहारीनला. असं करता करता लग्नाचं वय निघून गेलं आणि तिने त्याचा फार बाऊ केला नाही. तिच्या शेजारी पास्कल लोपीस, हायस्कूलात मराठी शिकवणारा, चर्चचं गायनमंडळ चालवणारा. त्याची बायको आग्नेस पोस्टात होती. दोघांना मूल नव्हतं. चौथा फेबियन डाबरे. याने धर्मगुरू होण्यासाठी सेमिनरीत दहा वर्षं काढली आणि दीक्षा वर्षभरावर आली असताना तो ट्रंक घेऊन परत आला. का आला, ते कुणाला सांगितलं नाही. त्याची आई त्यानंतर मरेपर्यंत त्याच्याशी बोलली नाही. आता तो सातिवलीच्या एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर होता आणि भावाच्या घरी पडवीत झोपायचा. पण बोलायला लागला की समोरच्याची बस सुटायची.

"आपलंही असंच होणार," फेबियन म्हणाला. "माझं तर नक्की."

"शुभ बोल रे जरा," पास्कल म्हणाला.

"खरं तेच बोलतोय तो," आग्नेस म्हणाली. "आपल्या दोघांना शेवटचं पाणी कोण पाजणार आहे? शेजाऱ्यांना वास येईल तेव्हा कळेल."

मग फेबियनच म्हणाला, "तर मग एकत्र राहू या. खरंच सांगतोय. एक घर, एक चूल. ज्याची त्याची खोली, ज्याची त्याची नोकरी, पण सकाळ-संध्याकाळची प्रार्थना एकत्र आणि जेवण एकत्र. इनासकाकांसारखं कुणी असेल तर त्याला आपल्यात आणायचं. पहिले ख्रिस्ती लोक याहून वेगळं काय करत होते?"

घरी जाऊन बाबांना भात भरवताना मटिल्डाच्या लक्षात आलं, की आज आपण एका मढ्यापाशी जाऊन आलोय आणि तरी आपल्याला हसू येतंय.

दर रविवारी दुपारी चौघं मटिल्डाच्या ओट्यावर जमू लागले. आत बाबांची धाप ऐकू यायची, बाहेर यांचं बोलणं चालायचं. घराला नाव काय द्यायचं यावरच पहिले काही रविवार गेले. पास्कलकडे संतांची नावं तयार होती. आग्नेस म्हणाली, "आपण कुणी संत नाही. उगाच संताच्या नावाखाली भांडायला नको." मटिल्डा चहा घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "सोबत म्हणा. एवढंच तर हवंय आपल्याला." तेच नाव ठरलं.

पास्कलला नियम हवे होते: उठायचं कधी, मौन कधी, पाहुणे किती दिवस. फेबियनला नियम म्हटलं की सेमिनरी आठवायची आणि तो चिडायचा. "अरे, कुटुंबात नियम लिहून ठेवतात का?" यावर पास्कल म्हणायचा, "कुटुंबात रक्त असतं. आपल्यात काय आहे?" आग्नेसचे प्रश्न निराळे. संडास किती? मासळी कोण साफ करणार? उपवासाच्या शुक्रवारी कुणाचं पथ्य असेल तर वेगळं शिजवायचं का? फेबियन हसायचा, पण उत्तरं मटिल्डाच द्यायची.

एकदा आग्नेसनेच विचारलं, "आणि कुणी अंथरुणाला खिळलं तर?"

"त्यासाठीच तर घर," फेबियन म्हणाला.

"अर्थात," पास्कल म्हणाला. मटिल्डाने मान हलवली, आग्नेसनेही हलवली. सगळ्यांत सोपा प्रश्न तोच वाटला. त्यावर कुणी वाद घातला नाही आणि बोलणं पुन्हा मासळीवर गेलं.

फादरांच्या कानावर घालायला चौघं गेले, तेव्हा त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "कल्पना चांगली आहे," ते म्हणाले. "पण तुम्ही मठवासी नाही आणि कुटुंबही नाही. पास्कल-आग्नेसचं ठीक. हे दोघं अविवाहित. लोक बोलतील."

"बोलू दे," फेबियन म्हणाला.

"तुला बोलणार नाहीत, फेबियन. हिला बोलतील." फादरांनी मटिल्डाकडे पाहिलं. मटिल्डा जमिनीकडे पाहत होती. घर झालं की आशीर्वाद द्यायचं बघू, असं सांगून फादरांनी त्यांना वाटेला लावलं.

बाबा पंचाण्णव साली गेले. वाडीची वाटणी झाली तेव्हा मायकलने रस्त्याकडचा भाग घेतला आणि मागचा भाग मटिल्डाला दिला. तिच्या वाट्याला विहीर, केळीची बाग, जुनी वखार आणि राहतं कौलारू घर आलं. रस्त्याकडच्या भागात बावखल होतं, आजोबांच्याही आधीपासूनचं छोटं तळं. त्याच्या पाझरामुळे आसपासच्या विहिरी गोड्या राहायच्या. "येण्याजाण्याला माझ्या जागेतून वाट आहेच ना," मायकल म्हणाला. "आपल्यात कसला कागद?"

वखारीच्या जागी 'सोबत'चं काम अठ्ठ्याण्णवमध्ये सुरू झालं. चार खोल्या, एक मोठं स्वयंपाकघर, एक प्रार्थनेची खोली. पायाचा दगड बसवला त्या दिवशी आग्नेसने वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी वाटली आणि पास्कलने गाणं म्हटलं. फेबियन सुट्टीच्या दिवशी गवंड्याबरोबर स्वतः घमेली उचलायचा. हे दिवस मटिल्डाच्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले होते, असं ती पुढे म्हणायची.

त्याच वर्षी मायकल बहारीन सोडून आला आणि त्याने आपला भाग बिल्डरला विकला. मटिल्डा कामावर गेली होती तेव्हा ट्रक आले. ती संध्याकाळी परतली तर बावखलाच्या जागी पडक्या इमारतींचा राडारोडा होता. विटा, टाइल्सचे तुकडे, फुटकी बेसिनं. कडेला चिखलात मासे तडफडून मेले होते.

"विचारायचं तरी होतंस," ती मायकलला म्हणाली.

"कशाला? माझी जागा आहे." मग त्याचा आवाज चढला. "तुझ्या त्या आश्रमासाठी मी माझी वर्षं वाळवंटात घालवली नाहीत, मटिल्डा. तू लग्न केलं नाहीस, ती तुझी मर्जी. आता तीन परकी माणसं आणून बाबांच्या वाडीत बसवतेस. उद्या त्यांनी हक्क सांगितला तर?"

पास्कल म्हणाला, कोर्टात जाऊ. पुढच्याच आठवड्यात दोन माणसं त्याच्या शाळेच्या फाटकापाशी उभी राहिली. दमदाटी नाही, काही नाही. "सर, राहता कुठे? मिसेस पोस्टात असतात ना?" एवढंच विचारून गेली. आग्नेस दोन दिवस पोस्टात गेली नाही. कोर्टाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. बिल्डरने भिंत घातली आणि मटिल्डाच्या घराकडे जायला एक बोळ तेवढा उरला. रिक्षा आत येईना. विटा डोक्यावरून आणाव्या लागल्या आणि काम रेंगाळलं. पुढल्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी मचूळ झालं, त्याच्या पुढल्या उन्हाळ्यात खारट. केळीच्या पानांच्या कडा जळाल्या आणि बाग बसली.

तरी दोन खोल्या आणि स्वयंपाकघर उभं राहिलं. फेबियनच्या भावाच्या मुलाचं लग्न ठरलं, पडवी मोकळी करून द्यावी लागली, म्हणून नव्याण्णवच्या नाताळाआधी फेबियन आपली ट्रंक घेऊन तिथे राहायला आला. मटिल्डा जुन्या घरातच राहत होती. सकाळी दोघं नव्या स्वयंपाकघरात चहा घ्यायचे, प्रार्थना म्हणायचे आणि आपापल्या कामाला जायचे. पास्कल आणि आग्नेसची खोली प्लास्टर करायची बाकी होती. ईस्टरनंतर यायचं, असं ठरलं होतं.

ईस्टरच्या आधी, उपवासाच्या दिवसांत, फेबियन विहिरीपाशी कोसळला. मटिल्डा भाजी चिरत होती. आवाज ऐकून ती धावली. तोंड एका बाजूला ओघळलं होतं, उजवा हात मेल्यासारखा पडला होता. काय झालंय ते पाहताक्षणी तिला कळलं. ओरडून तिने समोरच्या बांधकामावरच्या मजुरांना बोलावलं. बोळात स्ट्रेचर वळेना, म्हणून त्याला चादरीत घालून रस्त्यापर्यंत नेलं.

तो वाचला. वय सत्तेचाळीस. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. एक शब्द तेवढा उरला: "नाय." पाणी हवं असलं तरी नाय, नको असलं तरी नाय. भूक लागली तरी नाय. ज्याच्या बोलण्यावर चौघांचं घर उभं राहत होतं, त्याच्याकडे तेवढाच एक शब्द राहिला, आणि तोही मनासारखा वापरता येईना.

फेबियनचा भाऊ इस्पितळात येऊन गेला. "इथून बरा गेला होता तो," तो मटिल्डाला म्हणाला. "तुम्ही नेलंत. आता तुम्हीच बघा." त्यानंतर तो आला नाही.

इस्पितळातून फेबियन 'सोबत'मध्येच परतला, कारण दुसरीकडे जागा नव्हती. सुरुवातीला पास्कल आणि आग्नेस रोज यायचे. मग रविवारी. ईस्टर होऊन गेला, पाऊस आला, खोलीचं प्लास्टर राहिलं ते राहिलं. एका दुपारी आग्नेस एकटी आली. फेबियनच्या खोलीत गेली नाही, स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिली.

"मटिल्डा, आम्ही नाही येत इथे राहायला."

"आता नाही, की कधीच नाही?"

"कधीच नाही. स्टेशनजवळ फ्लॅट बघितलाय." तिने दाराची चौकट धरली. "माझ्या मनात होतं, आपण हळूहळू म्हातारे होऊ. सगळे बरोबरीने. एकमेकांना हात देत. हा असा आधीच पडेल, असं कुठे ठरलं होतं?"

"ठरलं होतं, आग्नेस. तूच विचारलं होतंस."

"बोलणं वेगळं असतं गं. मला तो वास सहन होत नाही. खोटं कशाला सांगू? त्याच्या खोलीत गेले की मला माझंच मरण दिसतं. पास्कल येईल म्हणतो, पण मी त्याला सांगितलंय, तू गेलास तर एकटा जा."

आतून फेबियनचा आवाज आला, "नाय. नाय." त्याने हे बोलणं ऐकलं होतं, की त्याला नुसतं पाणी हवं होतं, ते कळायला मार्ग नव्हता.

"जा मग," मटिल्डा म्हणाली आणि आत गेली.

तिने प्रसूतिगृहातली नोकरी सोडली. आजवर ती जन्मलेल्या पोरांना अंघोळ घालायची, आता एका मोठ्या पुरुषाला घालू लागली. कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, चादरी धुवायच्या. धुण्यासाठी टँकरचं पाणी विकत घ्यायचं, कारण विहिरीच्या पाण्यात साबण फुटत नव्हता. गावात फादर म्हणाले होते तसंच झालं. लग्न न करता कसला संसार मांडलाय म्हणून बायका कुजबुजायच्या. मे महिन्यात आमच्याकडे मारियामातेची मूर्ती घरोघरी जाते, ज्या घरी जाते तिथे शेजारीपाजारी जमून रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणतात. त्या वर्षी मूर्ती मटिल्डाच्या शेजारच्या घरी आली आणि तिथून तिचं घर सोडून पुढच्या घरी गेली. बोळ अरुंद आहे, माणसं मावणार नाहीत, असं कारण सांगितलं. मटिल्डाने खोलीत समई लावून ठेवली होती. ती तिने विझवली आणि फेबियनच्या उशाशी एकटीने रोझरी म्हटली. तो अधूनमधून "नाय" म्हणत राहिला.

फादर स्वतः मात्र महिन्यातून एकदा ख्रिस्तप्रसाद घेऊन यायचे. एकदा निघताना म्हणाले, "मटिल्डा, तू एकटी किती दिवस करणार? एखाद्या आश्रमात ठेव त्याला. मी शब्द टाकतो."

"फादर," ती म्हणाली, "आश्रमच काढायला निघालो होतो आम्ही."

फेबियन सोसणारा रुग्ण नव्हता. डाव्या हातात ताकद होती आणि राग सगळा त्या हातात उतरला होता. तो ताट भिरकावायचा, तिचे केस धरून ओढायचा. एका दुपारी तिने पातळ पेज करून आणली होती. त्याने वाटी भिंतीवर फेकली, गरम पेज तिच्या गळ्यावर उडाली, आणि तिने त्याच्या तोंडात मारली. जोरात मारली. गालावर बोटं उठली. फेबियनने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि तेच तिला सहन झालं नाही. ती तिथेच जमिनीवर बसली आणि ओक्साबोक्शी रडली. मग उठून भिंत पुसली, पुन्हा पेज केली आणि त्याला भरवली. त्याने ती सगळी खाल्ली. त्या दिवशी तो एकदाही "नाय" म्हणाला नाही.

पुढे कुणीतरी तिला विचारलं, की तुझा जीव होता का गं त्याच्यावर? ती म्हणाली, "ठाऊक नाही. राग होता एवढं नक्की. मला या घराची स्वप्नं दाखवून तो मध्येच झोपून गेला, याचा राग."

पास्कलला मात्र राहवलं नाही. दुसऱ्या वर्षी एका शनिवारी तो शाळेतून थेट आला, हातात दाढीचं सामान. मटिल्डाने गरम पाणी दिलं. पास्कलने फेबियनच्या गळ्याभोवती टॉवेल बांधला, साबण लावला आणि जपून दाढी केली. ओघळलेल्या बाजूची कातडी बोटाने ताणून धरावी लागे. मग तो दर शनिवारी येऊ लागला. आग्नेसला सांगायचा, गायनमंडळाची तालीम आहे. दाढी करताना तो जुनी गाणी गुणगुणायचा, आणि फेबियन डोळे मिटून पडून राहायचा. निघताना पास्कल दरवेळी मटिल्डाला म्हणायचा, "मी याहून जास्त करायला हवं होतं." सुरुवातीला ती म्हणायची, "असू दे." नंतर तिने तेही म्हणणं सोडलं. त्याच्या पश्चात्तापाची गाठोडी रिकामी करून घ्यायला तिच्यापाशी जागा नव्हती.

२००३ च्या ऑगस्टमध्ये फेबियनच्या छातीत कफ झाला. पाठीला जखमा होत्याच. डॉक्टर म्हणाले, इस्पितळात न्या. मटिल्डाने बोळाकडे पाहिलं, फेबियनकडे पाहिलं, आणि घरीच ठेवलं. तो सकाळी गेला, ती शेजारी होती. शेवटी काय म्हणाला, असं पास्कलने विचारलं. "काही नाही," ती म्हणाली. "श्वास घेत होता, मग घेतला नाही."

दफनाला फार माणसं नव्हती. फेबियनचा भाऊ आला, पुढे उभा राहिला, माती टाकून निघून गेला. आग्नेस आली होती, पण दफनभूमीच्या फाटकापाशीच छत्री धरून थांबली. सगळे निघाले तेव्हा तिने मटिल्डाचा हात धरला.

"काहीतरी बोल मला. शिव्या दे."

"दमलेय गं," मटिल्डा म्हणाली.

"मी फार वाईट वागले."

"वागलीस. आता काय करायचं त्याचं?" तिने हात सोडवून घेतला, रागाने नव्हे, आणि घरी जाऊन ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपली.

पन्नाशीच्या जवळ आलेल्या बाईला प्रसूतिगृहाने परत घेतलं नाही. स्टेशनपलीकडच्या नव्या फ्लॅटांमधून म्हाताऱ्यांना सांभाळायला बाई हवी असायची. मुलं दिवसभर मुंबईला, घरात आजारी आई किंवा वडील. मटिल्डा ती कामं करू लागली. परक्यांची पाठ पुसायची, औषधं द्यायची, संध्याकाळी मुलगा-सून आली की चप्पल घालून निघायची. 'सोबत'ची एक खोली तिने इस्पितळात काम करणाऱ्या दोन मल्याळी नर्सना भाड्याने दिली. मुली चांगल्या होत्या, आपलं आपण शिजवायच्या. प्रार्थनेच्या खोलीचा पाया गवतात तसाच राहिला.

आमच्या दफनभूमीत जागा कमी. काही वर्षं झाली की जुनी थडगी उकरतात. ज्या कुटुंबाचा भिंतीत कोनाडा असेल ते आपल्या माणसाची हाडं त्यात ठेवतात. २००७ मध्ये रविवारच्या मिस्सा-प्रार्थनेनंतर फादरांनी उकरायच्या थडग्यांची नावं वाचली, त्यांत फेबियन डाबरे होतं. त्याच्या भावाने कळवलं, वेळ नाही. मटिल्डाने मायकलला विचारलं. मच्याडो कुटुंबाचा कोनाडा त्याच्या नावावर होता.

"आईबाबांच्या कोनाड्यात परका माणूस?" मायकल म्हणाला. "गाव काय काय बोललं ते विसरलीस? आता कुठे शांत झालंय. नाही जमणार."

ठरल्या सकाळी मटिल्डा एकटीच गेली. पास्कल तिथे आधीच येऊन उभा होता. या वेळी तालमीचं निमित्त सांगितलं होतं की खरं, ते तिने विचारलं नाही. खोदणाऱ्याने हाडं काढून पांढऱ्या कापडावर ठेवली. मटिल्डाने खाली बसून त्यांना चिकटलेली माती हाताने झाडली. उजव्या हाताची हाडं डाव्यापेक्षा बारीक झाली होती.

"कोनाडा कुठला?" खोदणाऱ्याने विचारलं.

"कोनाडा नाही," मटिल्डा म्हणाली.

मग तो त्यांना मागच्या कोपऱ्यात घेऊन गेला. तिथे सिमेंटचं झाकण असलेली खोल टाकी आहे. ज्यांची हाडं कुणी नेत नाही, त्यांची तिथे जातात. त्याने झाकण सरकवलं. कापडाची चार टोकं पास्कलने आणि तिने धरली आणि हाडं आत सोडली. आवाज झाला. पास्कलने मृतांसाठीची प्रार्थना सुरू केली, पण तो मध्येच थांबला, म्हणून पुढची मटिल्डाने म्हटली. झाकण परत सरकलं.

फाटकाबाहेर पास्कल म्हणाला, "चहा घेऊ या?"

"नको. साडेनऊला एका आजींना अंघोळ घालायचीय," ती म्हणाली, आणि रिक्षाला हात केला.